करकोच्याचे मूल, हरगिल्याचे हाड

पदवीच्या वर्गात लोकसाहित्य शिकवताना इसापच्या कथांचा प्रवास सांगावाच लागतो, आणि त्या ओघात कोल्हा व करकोचा यांची गोष्ट निघतेच. पसरट थाळीतली खीर, अरुंद तोंडाची सुरई आणि लांब चोचीने घेतलेला सूड हे सारे मराठी मुलांच्या कित्येक पिढ्यांना तोंडपाठ आहे. काही वर्षांपूर्वी अशाच एका तासाला भिगवणच्या बाजूने येणाऱ्या एका विद्यार्थ्याने मध्येच विचारले, "सर, ह्यो करकोचा म्हंजी आमच्या चिंचंवरचा का?" मी घाईघाईने "नाही, तो परदेशी पक्षी" असे सांगून पुढे गेलो. तास संपल्यावर तो पुन्हा भेटला. गावातल्या चिंचांवर दरवर्षी मोठाले रंगीत पक्षी घरटी करतात, खाली विष्ठा आणि कुजक्या मासळीची घाण पडते, शेजारीपाजारी झाड तोडा म्हणतात आणि त्याची आजी तोडू देत नाही, असे त्याने सांगितले. आजी काय म्हणते तेही सांगितले. ते वाक्य मी तेव्हा हसून सोडून दिले. त्याचे मोल उशिरा कळले, म्हणून त्याकडे लेखाच्या शेवटी येईन.

माझे उत्तर चुकले होते, हे आधी मान्य करतो. उजनीच्या परिसरातला तो पक्षी म्हणजे चित्रबलाक, आणि इसापच्या लॅटिन परंपरेतला करकोचा हा त्याचाच कुलबंधू. पण ही चूक दुरुस्त करायला बसलो, तेव्हा एका पक्षिकुळावर मानवी कल्पनेने काय काय लादले आहे याचा मोठाच इतिहास समोर आला. याच कुळातला एक पक्षी युरोपात नवजात बालक घेऊन येतो आणि दुसरा आपल्याच देशाच्या पूर्व भागात मृत्यूचा सोबती ठरतो. असे का व्हावे, आणि या प्रतीकांमुळे प्रत्यक्ष पक्ष्याचे काय होते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

१

प्रथम नावाचा घोळ. मराठीत 'करकोचा' हा शब्द दोन वेगळ्या पक्षिकुळांसाठी सर्रास वापरला जातो. तंजावरच्या सरफोजीराजांच्या छापखान्यातून १८०६ साली 'बालबोधमुक्तावलि' या नावाने इसापच्या कथा मराठीत आल्या. तेव्हापासून पुढच्या पाठ्यपुस्तकांपर्यंत या कथांची असंख्य रूपे मराठीत झाली. पहिल्या शतकातल्या फीड्रस या लॅटिन कथाकाराकडे पाहिले तर सुरईच्या गोष्टीतला पक्षी एक आहे आणि लांडग्याच्या घशातले हाड काढणारा पक्षी दुसरा. मराठीत मात्र दोन्ही ठिकाणी बहुधा करकोचाच येतो. आपल्या पक्षितज्ज्ञांनी हा गुंता सोडवण्यासाठी पहिल्या कुळाला 'बलाक' आणि दुसऱ्याला 'क्रौंच' म्हणण्याची सोय केली. त्यातूनच चित्रबलाक, मुग्धबलाक, क्षत्रबलाक अशी सुरेख नावे रूढ झाली. संस्कृतातली 'बलाका' मात्र नेमकी कोण, बगळी की आणखी कोणी, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. रामायणाच्या आरंभी व्याधाच्या बाणाने पडणारा क्रौंच या लेखातल्या कुळाचा नव्हे, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे.

दोन्ही कुळे लांब पायांची आणि पाणथळीशी नाते राखणारी असली तरी त्यांची राहणी फार वेगळी आहे. क्रौंच जमिनीवर घरटे करतो, त्याचा आवाज तुतारीसारखा दूरवर जातो. बलाक झाडावर, कड्यावर किंवा घराच्या छपरावर काटक्यांचा मोठा माच रचतो आणि जवळजवळ मुका असतो. त्याचा कंठ आवाजासाठी फारसा घडलेलाच नाही. जोडीदार घरट्यावर आला की दोघे माना मागे टाकून चोचींचा खडखडाट करतात, तेवढीच त्यांची भाषा. गंमत अशी की या मुक्या पक्ष्याला अनेक भाषांनी त्याच्या आवाजावरूनच नाव दिले. अरबीत तो 'लकलक', तुर्कीत 'लेलेक', आणि जर्मनीत मुलांच्या तोंडी 'क्लापरश्टोर्ख', म्हणजे खडखड्या करकोचा. बगळा उडताना मान मुडपून घेतो, बहुतेक बलाक ती सरळ ताणतात. उथळ पाण्यात सावकाश पावले टाकत, अर्धवट उघडी चोच पाण्यात बुडवून चित्रबलाक चालतो आणि भक्ष्याचा स्पर्श होताच ती मिटतो. मुग्धबलाकाच्या चोचीत मधोमध फट असते आणि तो पाणगोगलगायींवर जगतो. जगात या कुळाच्या सुमारे वीस जाती आहेत, त्यांपैकी आठ भारतात आढळतात.

हा तपशील देण्याचे कारण आहे. प्रतीक हवेतून निर्माण होत नाही. पक्षी कुठे उभा राहतो, काय खातो, घरटे कुठे बांधतो आणि माणसाला त्याच्या आयुष्याचा कोणता भाग दिसतो, यांवर त्याला कोणते प्रतीकरूप मिळणार हे ठरत असते. पाणथळीत निश्चल उभ्या राहणाऱ्या बगळ्याला आपल्याकडे ढोंगी तपस्वी ठरवले गेले, 'बकध्यान' हा शब्दच त्याची साक्ष देतो. बलाकाला मात्र मराठी लोककल्पनेत ठसठशीत भूमिका मिळाली नाही. ती मिळाली ग्रीसमध्ये, रोममध्ये आणि पुढे उत्तर युरोपात.

२

युरोपातला पांढरा करकोचा सुमारे एक मीटर उंचीचा, लाल चोचीचा आणि लाल पायांचा. तो मनुष्यवस्तीला बिचकत नाही. चर्चचा मनोरा, धुराडे, घराच्या आढ्यावर ठेवलेले चाक यांवर तो घरटे बांधतो आणि वर्षानुवर्षे त्याच घरट्यात भर घालत राहतो. जुने घरटे दोन मीटर रुंद आणि कित्येक मणांचे होऊ शकते. पिल्लांना भरवणे, उन्हात त्यांच्यावर पंखांची सावली धरणे, आळीपाळीने राखण करणे हे सारे खालून स्पष्ट दिसते. गावाच्या डोक्यावर मांडलेला हा उघडा संसार पाहून ग्रीकांनी त्यात मातृपितृभक्ती पाहिली. म्हाताऱ्या आईबापांना मुले भरवतात, हा करकोच्याविषयीचा प्रचलित समज ॲरिस्टॉटलने नोंदवला आहे. पालनपोषणाची परतफेड करणे या अर्थाचे एक क्रियापदच ग्रीक भाषेत या पक्ष्याच्या नावावरून तयार झाले. ॲरिस्टोफेनिसच्या इ. स. पू. ४१४ मधील 'पक्षी' या प्रहसनात तर करकोच्यांच्या प्राचीन कायद्याचा दाखला येतो. पिल्ले उडू लागली की त्यांनी बापाला पोसावे, असा तो कायदा. अर्थात तो नाटकात येतो तो बापाला बडवू पाहणाऱ्या मुलाचा हिरमोड करण्यासाठी.

रोमन लोकांनी हाच गुण 'पिएतास' या संकल्पनेशी जोडला. देव, देश आणि मातापिता यांच्याविषयीचे कर्तव्य असा तिचा व्यापक अर्थ. बापाला हद्दपारीतून परत आणण्यासाठी झटल्यामुळे 'पायस' हे बिरुद मिळालेल्या मेटेलसने इ. स. पू. ८१ मध्ये पाडलेल्या चांदीच्या नाण्यावर या देवतेच्या मुखाशेजारी करकोचा कोरलेला आहे. थेसली प्रांतात करकोचा मारणाऱ्याला मनुष्यवधाइतकीच शिक्षा होती, असे प्लिनी सांगतो, आणि कारणही देतो. हा पक्षी साप खातो. भक्तीच्या प्रतीकामागे शेतकऱ्याचा रोकडा स्वार्थ होता, हे प्लिनीने लपवलेले नाही.

हिब्रू परंपरेत एक वेगळाच पेच दिसतो. तेथे या पक्ष्याला 'हसीदा' म्हणतात आणि हे नाव 'हेसेद', म्हणजे दया वा ममता, या शब्दाशी संबंधित आहे. पण लेवीयाच्या ग्रंथात निषिद्ध पक्ष्यांच्या यादीत हीच हसीदा आहे. आपल्या सोबत्यांना अन्नात वाटा देते म्हणून ती ममताळू, असे स्पष्टीकरण तालमुदात येते. मग ती अशुद्ध का? केवळ स्वकीयांपुरती दया ही अपुरी दया होय, असे मार्मिक उत्तर पुढच्या ज्यू प्रवचनपरंपरेत दिले जाते. पक्ष्याच्या निमित्ताने माणूस स्वतःच्या नीतीची तपासणी करतो, याचे यापेक्षा चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

प्रत्यक्षात करकोच्याची मुले आईबापांना पोसत नाहीत. अन्नाची टंचाई झाली तर मोठे पक्षी घरट्यातले अशक्त पिल्लू बाहेर टाकतात, अशी निरीक्षणे आहेत. जोडीदारापेक्षा त्यांची निष्ठा घरट्यावर अधिक असते. म्हणजे ज्या पक्ष्याला आदर्श कुटुंबाचा मुकुट चढवला, त्याला त्या मुकुटाचा पत्ताही नाही. तुर्कस्तानात तो 'हाजी' ठरला, कारण दक्षिणेकडचा त्याचा वार्षिक प्रवास लोकांनी मक्केच्या यात्रेशी जोडला. बुर्सा शहरात तर जखमी करकोच्यांसाठी शुश्रूषालय चालवले जात असे. मुकुट खोटा असला तरी त्याच्या सावलीत पक्षी सुरक्षित राहिला, ही गोष्ट पुढच्या विवेचनासाठी महत्त्वाची आहे.

३

मूल आणणारा करकोचा ही प्रतिमा मुख्यतः जर्मन आणि उत्तर युरोपीय लोकपरंपरेतली. तिचा मूळ तपशील आजच्या शुभेच्छापत्रांहून बराच वेगळा आहे. करकोचा मूल आकाशातून आणत नाही, पाण्यातून आणतो. तळी, विहिरी, दलदली, पाणथळीतले खडक येथे न जन्मलेली मुले असतात अशी समजूत होती, आणि त्या पाण्यात पाय टाकून चालणारा, लांब चोचीने तळ धुंडाळणारा हा पक्षी त्यांना उचलून धुराड्यावाटे घरात सोडतो. जाताना तो आईच्या पायाला चावतो, म्हणून तिला अंथरुणावर पडून राहावे लागते, असे मुलांना सांगत. अर्भकाच्या मानेवरच्या लालसर डागाला अजूनही 'करकोच्याचा चावा' म्हणतात. उत्तर जर्मनीत करकोच्याचे 'आडेबार' असे एक जुने नाव आहे. त्याची एक व्युत्पत्ती 'भाग्य वाहून आणणारा' अशी देतात, तर दुसरी 'दलदलीत चालणारा' अशी. भाषाशास्त्राचा कौल कोणत्याही बाजूने पडो, पक्षी आणि प्रतीक दोघेही त्या एका शब्दात राहतात.

पाणी, पाणपक्षी आणि गर्भ यांचा हा संबंध आपल्यालाही परका नाही. कालिदासाचा यक्ष मेघाला वाटेतल्या सोबतीचे आश्वासन देतो तेव्हा गर्भाधानाच्या क्षणी मेघाशी परिचय असलेल्या बलाका आकाशात त्याची सेवा करतील असे सांगतो. मेघांच्या सान्निध्यात बलाका गर्भ धारण करतात हा कविसंकेत टीकाकारांनी तेथे उलगडून दाखवला आहे. दोन्ही परंपरांत देवाणघेवाण झाली असा माझा दावा नाही. पावसाळा, पाणी आणि पाणपक्ष्यांची वीण एकत्र पाहणाऱ्या कोणालाही ही कल्पना सुचू शकते, एवढेच.

युरोपातला करकोचा वसंताच्या सुरुवातीला येतो आणि उन्हाळा संपता संपता निघून जातो. या गैरहजेरीने कल्पनेला मोकळे रान मिळाले. आकाशातला करकोचासुद्धा आपला नेमलेला काळ ओळखतो, या यिर्मयाच्या वचनाच्या आधारे सतराव्या शतकातल्या चार्ल्स मॉर्टन या इंग्रज विद्वानाने पक्षी हिवाळ्यात चंद्रावर जातात असे गंभीरपणे प्रतिपादन केले होते. १८२२ साली जर्मनीत मेक्लेनबुर्ग भागातल्या क्ल्युत्स गावाजवळ एक करकोचा मारला गेला. त्याच्या मानेतून मध्य आफ्रिकी बनावटीचा सुमारे ८० सेंटीमीटर लांबीचा बाण आरपार गेलेला होता. आफ्रिकेत कोणीतरी मारलेला बाण घेऊन तो पक्षी युरोपात परतला होता. रोस्टॉक विद्यापीठात तो पेंढा भरून जपून ठेवला आहे. करकोचा हिवाळ्यात कोठे जातो या प्रश्नाला त्या बाणाने उत्तर दिले. पुढे त्याचे मार्गही कळले. समुद्रावर उष्ण हवेचे झोत उठत नाहीत, म्हणून तरंगत जाणारा हा जड पक्षी भूमध्य समुद्र टाळून जिब्राल्टर किंवा बॉस्फरसला वळसा घालतो. पण ज्ञानामुळे प्रतीक मावळले नाही. चंद्र गेला, मूल राहिले.

हान्स ख्रिश्चन अँडरसनच्या करकोच्यांवरील कथेत मात्र या गोड प्रतिमेचा दुसरा चेहरा दिसतो. गावातली मुले छपरावरच्या करकोच्यांना चिडवणारे गाणे म्हणतात, एक मुलगा त्यांत पुढाकार घेतो आणि एक मुलगा भाग घेत नाही. अखेरीस करकोचे ठरवतात की ज्या तळ्यात मुले स्वप्ने पाहत झोपलेली असतात तेथून चांगल्या मुलाला भाऊ आणि बहीण न्यावी, आणि चिडवणाऱ्याला स्वप्नातच मरून गेलेले बाळ न्यावे. बालवाचकांना हा शेवट क्रूर वाटतो, आणि तो आहेच. पण जन्मलेल्या मुलांपैकी अनेक दगावत असण्याच्या त्या काळात, जो मूल आणतो तोच मेलेले मूलही आणू शकतो हे लोकांना ठाऊक होते. मृत्यू या प्रतीकात पहिल्यापासून होता, शुभेच्छापत्रांनी तो पुसून टाकला.

रॉबर्ट मॅथ्यूज या ब्रिटिश अभ्यासकाने २००० साली १७ युरोपीय देशांतील करकोच्यांच्या जोड्या आणि बालजन्म यांची आकडेवारी ताडून पाहिली. दोहोंतला संबंध निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता केवळ ०.००८, म्हणजे १२५ मध्ये १ एवढीच निघाली. देश मोठा तर करकोचेही अधिक आणि मुलेही अधिक, हे त्यामागचे साधे कारण. सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे, हे विद्यार्थ्यांना पटवण्यासाठी तो खटाटोप होता. साहित्याच्या विद्यार्थ्यानेही तो धडा घ्यावा. दोन प्रतिमा शेजारी आढळल्या की एकीतून दुसरी निघाली असे ठरवण्याची घाई आपणही करत असतो.

४

आता पूर्वेकडे वळू. याच कुळातला सर्वांत मोठ्या जातींपैकी एक पक्षी म्हणजे मोठा क्षत्रबलाक. उंची दीड मीटरच्या आसपास, पंखांचा पसारा अडीच मीटर, डोके जवळजवळ टकले, मानेखाली लोंबणारी तांबूस पिशवी. बंगाल आणि आसामात त्याला 'हरगिला' म्हणतात. हाड गिळणारा तो हरगिला. मराठी माणसाला या शब्दाचे दोन्ही अवयव ओळखीचे वाटावेत. इंग्रजांनी त्याची ताठर चाल पाहून त्याला लष्करी हुद्द्याचे नाव दिले, आणि मराठी 'क्षत्रबलाका'तही तीच लष्करी छटा उतरलेली दिसते.

एकोणिसाव्या शतकातल्या कलकत्त्यात उन्हाळा आणि पावसाळा हे याचे दिवस. उकिरड्यांवर, कत्तलखान्यांभोवती, घाटांवर वाहत आलेल्या प्रेतांपाशी तो असे. सरकारी वाड्याच्या कमानीवरच्या सिंहांच्या डोक्यावर बसलेले हरगिले त्या काळच्या चित्रांत दिसतात. त्याच्या अंगी मृत ब्राह्मणांचे आत्मे वसतात अशी समजूत होती. त्याच्या कवटीत विषावर उतारा असलेला मणी असतो ही दंतकथा त्याआधी कित्येक वर्षे बाबरने नोंदवून ठेवली होती. शहराची घाण उपसणारा म्हणून त्याला अभय होते. १८९६ साली कलकत्त्याला मिळालेल्या मानचिन्हावर चोचीत साप धरलेले हरगिले विराजमान झाले. थेसलीत साप खाण्यासाठी मिळालेला मान दोन सहस्रकांनी हुगळीकाठी त्याच्या भाऊबंदाला मिळाला, असे म्हणता येईल.

परंतु या दोन मानांत एक महत्त्वाचा फरक आहे. हरगिला कलकत्त्यात जेवायला येत असे, संसार थाटायला नव्हे. पावसाळा सरला की तो विणीसाठी निघून जाई. ब्रह्मदेशात सिट्टाँग नदीच्या काठी त्याची प्रचंड वसाहत असल्याचे १८७० च्या दशकात नोंदवले गेले, पण ती कलकत्त्यापासून फार दूर. युरोपातल्या गावाने करकोच्याची बाळंतखोली पाहिली होती. कलकत्त्याने हरगिल्याचे फक्त पानच पाहिले, आणि त्या पानात प्रेते होती. पिल्लाला भरवणारी हरगिल्याची मादी त्या शहराच्या कल्पनेत कधी आलीच नाही. म्हणून एक पक्षी मूल आणणारा झाला आणि दुसरा हाड गिळणारा. तसे पाहिले तर पांढरा करकोचाही मेलेले मासे आणि कचऱ्यातले खरकटे खातो, आणि हरगिलाही पिल्लांवर पंखांची सावली धरतो.

पुढे कलकत्त्याची स्वच्छता सुधारली, पाणथळी बुजल्या, मोठी झाडे गेली आणि विसाव्या शतकाच्या आरंभी हरगिला त्या शहरातून नाहीसा झाला. सिट्टाँगकाठची वसाहतही काही दशकांत संपली. मानचिन्हावरचा पक्षी प्रत्यक्ष पक्ष्यापेक्षा अधिक काळ टिकला. उपयोगापोटी मिळालेला मान उपयोग संपताच संपतो, हे यातून दिसते.

५

उरलेल्या हरगिल्यांची मोठी संख्या आसामात ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात आहे. कामरूप जिल्ह्यातल्या दादरा, पाचारिया या गावांत तो लोकांच्या परसातल्या उंच झाडांवर विणीसाठी येतो आणि घरट्यातून कुजके मांस, हाडे, विष्ठा खाली अंगणात पडते. येथे घरटे माणसाच्या जवळ होते, पण ते खालून, नाकाने अनुभवले जात होते. पक्षी अपशकुनी मानला जाई, रोगराई आणतो असे म्हटले जाई, आणि घरमालक झाड तोडून मोकळे होत. पूर्णिमा देवी बर्मन या संशोधिकेने २००७ च्या सुमारास असेच एक झाड तोडलेले पाहिले. त्यावरच्या घरट्यांतली नऊ पिल्ले जमिनीवर पडली होती. तिने झाड तोडणाऱ्याला जाब विचारला तेव्हा गावकऱ्यांनी तिचीच टर उडवली. त्यावेळी तिच्या घरी लहान मुली होत्या. पिल्लांकडे आपण आईच्या नजरेने पाहिले, असे तिने पुढे वारंवार सांगितले आहे.

तिने पुढे जे केले त्यात साहित्याच्या अभ्यासकाने विशेष लक्ष घालावे. केवळ निसर्गातले महत्त्व सांगून उपयोग होत नाही हे तिला लवकरच कळले. मग तिने गावातल्या बायकांना गोळा केले आणि त्यांच्याजवळ आधीपासून असलेले विधी, गाणी आणि माग उपयोगात आणले. घरट्यात अंडी दिसली की हरगिलेच्या मादीसाठी आपल्याकडच्या डोहाळजेवणासारखा समारंभ होऊ लागला. गामोशावर आणि मेखला-चादरीवर हरगिला विणला जाऊ लागला. घरट्यातून पडणाऱ्या पिल्लांसाठी झाडाखाली जाळी बांधली गेली. 'हरगिला सेना' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संघटनात दहा हजारांहून अधिक स्त्रिया आल्या. त्या गावांतली घरटी तीसच्या आतून अडीचशेच्या पलीकडे गेली. २०२२ साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने तिचा गौरव केला, आणि २०२३ साली जागतिक यादीत हा पक्षी 'संकटग्रस्त' वर्गातून 'संकटसमीप' वर्गात आला.

बिहारमध्ये भागलपूरजवळच्या गंगेच्या दियारा भागात याच पक्ष्याची आणखी एक वसाहत आहे. तेथे त्याला 'गरुड' म्हणतात. विष्णूच्या वाहनाला कोण हात लावणार? तेथे संरक्षणाच्या कामाला लोकांच्या श्रद्धेचा आधार मिळाला. म्हणजे पक्षी तोच, चोच तीच, वासही तोच. एका नावाने तो अपशकुन, दुसऱ्या नावाने देवाचे वाहन. प्रतीकाचा अभ्यास हा निव्वळ शब्दांचा खेळ आहे असे ज्यांना वाटते त्यांनी या दोन नावांचा विचार करावा. कुऱ्हाड पडणार की नाही हे येथे नावावरून ठरले आहे.

युरोपातही असेच घडले. फ्रान्सच्या अल्सास प्रांतात १९७० च्या दशकात करकोच्यांच्या दहाहूनही कमी जोड्या उरल्या होत्या. हा पक्षी प्रांताची ओळख होता, म्हणूनच त्याला परत आणण्याचा खटाटोप झाला आणि आज तेथे शेकडो जोड्या आहेत. ब्रिटनमध्ये १४१६ साली एडिंबरोच्या सेंट जाइल्स चर्चवर घरटे झाल्याची नोंद आहे, त्यानंतर थेट २०२० साली ससेक्समध्ये मुक्त करकोच्यांची पिल्ले अंड्यातून बाहेर आली. शतकानुशतके ज्या पक्ष्याने मुले आणली, त्याची मुले आता माणसांनी आणली.

६

जर्मन लोककथेत पक्षी माणसाचे मूल माणसाच्या घरी पोहोचवतो. त्या कथेत पक्ष्याला स्वतःचे मूल असण्याचे कारण नाही, तो निरोप्या आहे. आसामातल्या बायकांनी ही दिशा उलटी केली. त्यांनी पक्ष्याचे मूल आपल्या घरच्या विधीत घेतले. पहिल्या प्रतीकात पक्षी माणसाच्या कामी येतो, दुसऱ्यात माणूस पक्ष्याचे आईपण मान्य करतो. ग्रीक भक्ती, रोमन कर्तव्य, कलकत्त्याचे मानचिन्ह या साऱ्यांत पक्ष्याचा काहीतरी उपयोग होता. हरगिल्याच्या डोहाळजेवणात तो हिशेब मागे पडतो. हाही अखेर माणसाने पक्ष्याला दिलेला मुकुटच आहे, हे मला मान्य आहे. पण हा मुकुट पक्ष्याच्या खऱ्या आयुष्याच्या, अंड्यांच्या आणि पिल्लांच्या मापाने घडवलेला आहे.

हे सारे वाचून झाल्यावर मला त्या विद्यार्थ्याच्या आजीचे वाक्य आठवले. झाड तोडायला आलेल्यांना ती म्हणाली होती, "लेकुरवाळं झाड हाय, कुऱ्हाड लावू नगा." संतांनी विठ्ठलाला दिलेले हे विशेषण त्या बाईने घाणीने माखलेल्या चिंचेला दिले होते. पक्ष्याचे नाव तिला ठाऊक नव्हते, तो शुभ की अशुभ हेही ती सांगत नव्हती. झाडावर लेकरे आहेत, एवढेच तिला पुरेसे होते. आसामातल्या बायकांना जे सापडले ते तिच्या बोलीत आधीच होते.

मी तेव्हा तिच्या नातवाला चुकीचे उत्तर दिले. आता वर्गात कोल्हा आणि करकोचा यांची गोष्ट आली की मी सुरईपाशी थांबत नाही. आपापल्या गावात हा पक्षी कोठे घरटे करतो आणि घरची माणसे त्या झाडाला काय म्हणतात, हे विद्यार्थ्यांनी विचारून यावे, असे सांगतो. बरेच जण रिकाम्या हाताने परत येतात. एखादा मात्र असा शब्द घेऊन येतो की त्या दिवशीचा तास सार्थकी लागतो.